लाटण्याने दाबायची बटणं

बोईसर,
९ ऑगस्ट १९९६

प्रिय शकू,

दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून 'कारणे लिहून देतो की' हे शब्द माझ्या बोटांत बसलेत. ते सोडून तुला सरळच लिहिते. मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि मला भीती वाटतेय.

पालघरला कोर्टाबाहेर माझ्या टेबलाच्या दोन्ही अंगांना आता कॉम्प्युटरवाले बसतात. परवा ज्यांची सगळी कामं माझ्याकडे असायची ते म्हातारे वकील एक कागद घेऊन आले. म्हणाले, "जयवंतीबाई, तुमचं टायपिंग चांगलंच आहे हो, पण पक्षकाराला हे असं लागतं." कागदावर एकही खाडाखोड नव्हती. सगळ्या ओळी सारख्या. मी घरी येईपर्यंत तो कागदच डोळ्यांपुढे होता. कॉम्प्युटर आणला नाही तर माझं टेबल तिथून उठणार, हे मला स्पष्ट दिसतंय.

तुला माहीत आहे, मी संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासला जाते. क्लासचे सर म्हणतात, मुंबईहून सुटे भाग आणा आणि तुम्हीच जोडा, बरंच स्वस्त पडेल. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीचा तयार घ्यायचा. त्याला सील असतं, वॉरंटी असते. तुझे भगवंतराव त्याच धंद्यात आहेत, तेव्हा त्यांना विचारून कळव.

पण खरी अडचण आईंची आहे. तुझा दादा पाण्याच्या पंपाला चिकटून गेला त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आईंनी घरातल्या एकाही बटणाला हात लावलेला नाही. पाटावर उभं राहायचं आणि लाटण्याच्या टोकाने बटण दाबायचं. बोर्डाशेजारी खिळ्याला लाटणं टांगलेलंच असतं. भाकरी हाताने थापणारं आपलं घर, लाटणं तसंही रिकामं होतं, असं मी चेष्टेने म्हणते, पण त्या हसत नाहीत. काल कॉम्प्युटरचा विषय काढला तर करंदी सोलता सोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून येक डबा घरात आनतेस? पैल्या डब्याने माजा पोर नेला." मग करंदी उचलून मागच्या दारी निघून गेल्या.

भीती मलाही तीच आहे, शकू. या घरात आता त्या आणि मी, दोघीच. मी आणलेल्या वस्तूने त्यांना काही झालं तर मी पुढे कशी जगू, ते मला माहीत नाही. तरी टेबल उठलं तर खायचं काय, हाही प्रश्न आहेच.

लवकर लिही.

तुझी वहिनी,
जयवंती


नाशिक,
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. जेवताना वाचलं ही माझी चूक झाली, कारण हात तसाच ठेवून हे बोलतच बसले. त्यांच्या दुकानात जोडलेली मशीनं दुरुस्तीला येतात. कोणी आत स्क्रू विसरलेला असतो, कोणाच्या कॅबिनेटमधून धूर आलेला असतो. धूर म्हटल्यावर मी ताट घेऊन आत गेले. ह्यांचं म्हणणं एकच, "वहिनींना सांग, कंपनीचाच घ्या."

मलाही तेच वाटतं. कंपनीत चार माणसं तपासतात आणि मग शिक्का मारतात. तू जोडलेला डबा कोण तपासणार? तूच ना. दादाचंही तेच झालं. तारापूरच्या कारखान्यात इतरांची कामं बघून त्याला वाटलं, आपल्यालाही येतं. घरी वायरमन बोलावला असता तर आज तो असता. हे मी कधी बोलले नव्हते, आज लिहून टाकते.

आता पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

दादा गेला तेव्हा मी आईला इकडे आणणार होते. तुला एकटं टाकवेना म्हणून ती तिथे राहिली आणि मीही हट्ट केला नाही. पण तू तो डबा घरात जोडणारच असशील तर आधी आईला माझ्याकडे आणून सोड. मग परत पाठवायचं की नाही ते मी बघेन. कठोर लिहितेय, राग मानू नकोस. दादाला खाली ठेवलं होतं ती ओसरीची जागा मला अजून डोळे मिटले की दिसते. त्याच जागेवर आईला बघायची माझ्यात ताकद नाही.

तुझी,
शकू


बोईसर,
१४ सप्टेंबर १९९६

प्रिय शकू,

तू सांगितलेला भाग मी गाळला. आईंना अक्षर कळत नाही, पण माझा आवाज कळतो. म्हणाल्या, "मदी काय गिळलंस ते सांग." मी म्हटलं, भगवंतरावांचं काहीतरी कॉम्प्युटरचं आहे, तुम्हाला कळणार नाही. त्या 'बरं' म्हणाल्या, पण त्यांना पटलेलं नव्हतं.

आता भांडायचं असेल तर भांड. मी कॉम्प्युटर जोडला.

आधी कंपनीचा बघायला गेले होते, खोटं सांगत नाही. दुकानदाराने छान पुसून दाखवला. मी विचारलं, आत काय आहे ते दाखवता का? तो हसला. म्हणाला, सील तोडलं की वॉरंटी गेली. त्या सीलकडे बघता बघता मी मागे सरले. आपला पंप असाच होता, शकू. बाहेरून निळा रंग, कंपनीचा शिक्का, चार माणसांनी तपासलेला. आत काय सुटलं होतं ते कोणालाच कळलं नाही. ज्याच्या पोटात बघायची मला मनाई आहे तो डबा मी घरात ठेवू शकत नाही. तुला उघड्या डब्याची भीती वाटते, मला बंद डब्याची.

सरांबरोबर मुंबईला जाऊन भाग आणले आणि ओसरीवर पाट मांडून जोडले. मदरबोर्ड बसवताना एक स्क्रू घरंगळून आत गेला. भगवंतरावांचं बोलणं आठवलं. सगळं परत उलटं केलं, स्क्रू काढला आणि मगच पुढे गेले. आई उंबऱ्यात बसल्या होत्या, हातात लाटणं. मी चिकटले तर मला फटका मारून सोडवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटी बटण दाबलं. पंखा फिरला, एक बारीक शिट्टी वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली. आईंनी देवीचं नाव घेतलं. मला मात्र रडू आलं.

काम यायला लागलंय. त्या म्हाताऱ्या वकिलांनीच पहिला कागद दिला. आईंना मी हात लावू देत नाही, जवळ येऊ देत नाही. मी स्वतःही रबरी चप्पल घालूनच बसते. तेव्हा काळजी करू नकोस आणि आईंना माझ्याकडून नेऊ नकोस.

तुझी वहिनी


नाशिक,
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय वहिनी,

जोडलास ते जोडलास. आईला इकडे पाठवलं नाहीस, त्याबद्दल भेटल्यावर बोलू. ती खुशीत आहे असं शेजारच्या सोमीने फोनवर सांगितलं, म्हणून गप्प बसले.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. चप्पल घालून घरात वावरलेलं तुला कधी चालत नाही. माझी सँडल उंबऱ्याच्या आत आली तर तू ती बाहेर काढतेस. मग कॉम्प्युटरपुढे रबरी चप्पल कशासाठी? आणि आईला जवळ का येऊ देत नाहीस?

खरं काय ते उलट टपाली लिही.

शकू


बोईसर,
२३ ऑक्टोबर १९९६

प्रिय शकू,

आधी हे वाच: आई बऱ्या आहेत. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, बाकी डॉक्टरांनी सगळं तपासलं. तुला सोमीकडून कळलंच असेल, पण तिला सगळं माहीत नाही.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचं धाडस नव्हतं. कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून चावतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायाने हात लावला की बोटांत मुंग्या येतात. टेस्टर लावला तर त्याचा दिवा मंद लागतो. मला वाटलं माझं जोडणंच चुकलंय. दर रविवारी उघडायचे, एकेक वायर बघायचे, पुन्हा बंद करायचे. चूक सापडेना. तुला लिहिलं असतं तर तू आईंना नेलं असतंस. मला या घरात एकटं राहायची भीती वाटत होती आणि त्या भीतीपायी मी त्यांना धोक्यात ठेवलं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात. आईंनी जाळं विणायची सुई, कोयता, माझं जुनं टायपिंग मशीन, सगळं मांडलं. मी मागच्या दारी तोरण बांधत होते. मला ओसरीवर त्यांचा आवाज आला, "याच्यावर आता घर चालतं, याला पन कुकू लावूया." मी धावले. लाटणं खिळ्यालाच होतं, पायाखाली पाट नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या विजेच्या वस्तूकडे आपण होऊन गेल्या होत्या. ओल्या बोटावर कुंकू घेऊन त्यांनी कॅबिनेटला लावलं आणि हात झटकून मागे कोसळल्या. ताट गेलं, कुंकू सांडलं. त्या लाल फरशीवर पडलेल्या मला दिसल्या आणि मला वाटलं, संपलं.

शुद्धीवर आल्यावर उठून बसल्या. त्या भिंतीतल्या प्लगकडे बघत राहिल्या आणि अजूनही तिकडेच बघतात. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता तू म्हणशील तसं करते.

जयवंती


नाशिक,
२६ ऑक्टोबर १९९६

वहिनी,

हे रविवारी आईला न्यायला येत आहेत. तिचे कपडे बांधून ठेव.

तुला शॉक बसतोय हे ठाऊक असून तू तो डबा आईच्या घरात चालू ठेवलास. मी सांगितलं होतं कंपनीचा घे. भीक मागितल्यासारखं सांगितलं होतं. तुला कंपनीवर विश्वास नव्हता, स्वतःवर होता. दादासारखाच.

तो डबा विकून टाक. तो घरात असेपर्यंत आई तिथे येणार नाही, हे नक्की समज. मी रागात लिहितेय आणि राग गेल्यावरही हेच लिहीन.

शकुंतला


बोईसर,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय शकू,

सोबत दोन कागद आहेत. हा पहिला आईंना वाचून दाखव.

आई, मनगट कसं आहे? दिवाळीला तुमच्याशिवाय करंज्या केल्या नाहीत. तुम्ही नाही, तेव्हा दिव्याचं बटण मी हातानेच दाबते, पण लाटणं जागेवर आहे, तिथून हलवलेलं नाही. तुम्हाला शॉक का बसला ते कळलं. कॉम्प्युटरात काही बिघाड नव्हता. आपल्या घराची अर्थिंगची वायर मागच्या बाजूला उंदराने कुरतडून तोडली होती. वायरमनला बोलावून ती नीट करून घेणार आहे. मग काही भीती नाही. परत यायचं की नाही ते तुम्ही आणि शकू ठरवा. मी वाट बघतेय.

*

शकू, हा कागद तुझ्यासाठी. वाच आणि फाडून टाक.

आईंना घेऊन भगवंतराव गेल्यावर मी डबा विकायलाच निघाले होते. आधी क्लासच्या सरांना म्हटलं, यात चूक काय ते तरी सांगा, घेणाऱ्याला शॉक नको. रिक्षात मांडीवर धरून पालघरला नेला. त्यांनी लावला, टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. मी चप्पल काढून हात ठेवला. काही नाही. सर म्हणाले, "डबा चांगलाय, तुमच्या घराचं अर्थिंग बघा. अर्थिंग नसेल तर कंपनीचासुद्धा चावतो."

घरी आले, मेन बंद केला आणि प्लग उघडला. हिरवी वायर आत होती. तुझ्या दादाने सगळ्या घरात फिरवलेली, तीच. तिच्या मागे मागे गेले. मागच्या भिंतीतून ती बाहेर येते आणि जिथे आई मासळी सुकवतात तिथे जमिनीत जायला हवी. तिथे टोपली पालथी होती. टोपली उचलली. वायर कापलेली होती, शकू. एका घावात, कोयत्याने. आणि कापलेल्या टोकाला आईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून वर जाळ्याच्या दोऱ्याची गाठ मारली होती. ती गाठ आईंच्या माहेरच्या, मुरब्याच्या कोळ्यांनाच मारता येते. या घरात ती फक्त आई मारतात.

तुझा दादा सापडला तेव्हा त्याच्या मुठीत ती हिरवी वायर होती. आईंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, हिनेच मारलं, आणि त्यांनी ती तोडली. उरलेली चावू नये म्हणून तिचं तोंड बांधून ठेवलं.

पण ती वायर माणसं वाचवायला असते. तुझ्या दादाने स्वतः खड्डा खणून ती आणली होती. सगळ्या घराला जोडून झाली होती, शेवटी पंपाला जोडताना तो गेला. पंपात करंट उतरला होता, एका हातात पंप आणि दुसऱ्यात ती वायर. बटण बंद करायला तो विसरला की बंद करूनही करंट राहिला, ते आता कोणी सांगू शकणार नाही. तीन वर्षं आपण त्या तोडलेल्या वायरीच्या घरात इस्त्री केली, मिक्सर चालवला. सरांनी सांगितलं, यातलं एक जरी आतून बिघडलं असतं तर त्याचा करंट त्याच हिरव्या वायरीतून थेट कॉम्प्युटरच्या पत्र्यात आला असता. मग मुंग्यांवर भागलं नसतं. हे ऐकल्यापासून मला घरातल्या प्रत्येक प्लगची भीती वाटते. परवा तर कंदील लावून बसले.

आईंना यातलं काही कळू देऊ नकोस. आपल्या पोराने आपल्यासाठी लावलेली वायर आपण तोडली, हे त्यांना या वयात सोसणार नाही. म्हणून उंदीर.

तुझी वहिनी


नाशिक,
२१ नोव्हेंबर १९९६

प्रिय वहिनी,

आधी माझं. मागच्या पत्रातलं 'दादासारखाच' परत घेते. ह्यांनीही कान पकडले. "घराचं अर्थिंग आहे का, हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं. मी कंपनीचं नाव घेऊन मोकळा झालो," असं म्हणाले. दुकानात बसून आम्हाला सगळे डबे दिसतात, कोणाचं घर दिसत नाही.

आता आईचं. तुझा दुसरा कागद मी फाडला. पहिला तिला वाचून दाखवला. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला. ती वालाच्या शेंगा सोलत होती, एका हाताने. उंदराशी आले तशी तिने मान वर केली.

"उंदराला फडका बांदता येतो का गं?"

मी म्हटलं, कसलं फडकं? ती म्हणाली, "जयवंतीने टोपली उचलली. तिने पायला. आनि मला उंदीर सांगते." मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात शेंगांवर तसाच राहिला.

तिने जे सांगितलं ते तुला तिच्याच शब्दांत लिहिते.

"पंपाला हात लावला का मला मुंग्या येत. मीच त्याला बोलली, म्हादू, ह्यो पंप चावतो रे. तो बोलला, आई, तुला चावनार नाय असा करतो. तवा त्याने ती हिरवी वायर आनली. माज्यासाठी आनली. मला ठावं हाय. ती त्याच्या मुठीत व्हती. मी बोलली नसती तर त्याने आनलीच नसती. मला ती भिंतीत दिसायची ना, तवा माजाच बोलना ऐकू यायचा. म्हनून तोडली."

वहिनी, तू तिच्यापासून जे लपवायला निघाली होतीस ते ती तीन वर्षं आपल्यापासून लपवत होती. मी तिला पोटाशी धरलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि मला लिहायला सांगितलं. तेही जसंच्या तसं लिहिते.

"जयवंतीला लिव. ती वायर जोडायची हाय तर जोड. पन मी येईतवर जोडायची नाय. म्हादूच्या टायमाला बटनापाशी कोनी नव्हता. या टायमाला मी उबी रानार. मी हाय तवर कोनी बटन चालू करनार नाय."

मी म्हटलं, आई, तू लाटण्याशिवाय बटणाला हात लावत नाहीस. ती म्हणाली, "मला भ्या वाटते, ते हायच."

रविवारी हे तिला घेऊन येत आहेत. मीही येतेय.

तुझी,
शकू


बोईसर,
५ डिसेंबर १९९६

प्रिय शकू,

नाशिकला नीट पोहोचलात ना? भगवंतरावांनी विसरलेला टॉवेल धुऊन ठेवलाय.

तू ओसरीवर तोंडात पदर धरून उभी होतीस, म्हणून तुला आतलं दिसलं नसेल. मला दिसत होतं. वाणगावहून आलेल्या दादू वायरमनने सांगितलं, मेन पाडा. आपला मेन जुना, लोखंडी दांड्याचा. आईंनी खिळ्यावरच्या लाटण्याकडे पाहिलं. मग प्लास्टरचा हात छातीशी धरून उजव्या हाताने तो दांडा पकडला आणि खाली ओढला. दादू म्हणाला, "झाला मावशी, आता सोडा." त्यांनी सोडला नाही. तो मागे खड्ड्यात काम करत होता तोवर त्या दांडा धरून उभ्या होत्या. मी पाट आणून ठेवला, पण त्या त्यावर चढल्या नाहीत.

खड्डा कोरडा पडला होता. ओलावा धरून ठेवायला कोळसा आणि मीठ लागेल, असं दादू म्हणाला. मासळी खारवायच्या मिठाचं पोतं कुठे आहे ते आईंनी तिथूनच ओरडून सांगितलं. कापलेली दोन टोकं जोडताना दादूने ते फडकं टाकून दिलं होतं. मी उचललं. ते माझ्याकडे आहे.

मेन चालू झाल्यावर मी कॅबिनेटला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिव्याचा मला काय कळतं?" आणि मी पुढे होईपर्यंत त्यांनी तळवा पत्र्यावर टेकवला. उघड्या पायाने. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग आई म्हणाल्या, "नाय चावत." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चावनार नाय असा करतो बोलला व्हता."

तुला आवाज आला तो माझ्या रडण्याचा होता. त्यांच्या नव्हे.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. वीज चमकली की मी अजून प्लग उपटते, आई अजून अंधार पडण्याआधी मला दिवे लावायला सांगतात. लाटणं खिळ्यालाच आहे. पण दादूने जाताना सांगितलं होतं, खड्ड्यातली जमीन ओली राहिली पाहिजे, नाहीतर वायर असून नसल्यासारखी. तेव्हापासून आई सकाळी चूळ भरली की तांब्या घेऊन मागच्या दारी जातात. टोपली बाजूला करतात आणि त्या जागेवर पाणी ओततात. काल मी म्हटलं, रोज कशाला, एक दिवसाआड चालेल. त्या म्हणाल्या, "त्याला तहान लागत आसंल."

मी तांब्या भरून ठेवते.

तुझी वहिनी,
जयवंती